'प्रमुख मीच आहे': 'कॉमेट' मार्ग आणि उरून्यच्या शेतघरातील अटक

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समधील भिंतींवर लष्करी प्रशासनाचे एक जाहीर पत्रक लागले. शत्रूच्या विमानातून उतरलेल्या माणसाला जो पुरुष मदत करील त्याला जागच्या जागी गोळ्या घातल्या जातील आणि हाच गुन्हा करणाऱ्या स्त्रीची रवानगी जर्मनीतील छळछावणीत केली जाईल, अशी ताकीद त्यात होती. पकडून देणाऱ्यास दहा हजार फ्रँकपर्यंत बक्षीस मिळेल, असेही आश्वासन होते. स्त्रियांसाठी स्वतंत्र वाक्य लिहिण्याची गरज भासली, याचा अर्थ या कामात स्त्रिया आहेत हे प्रशासनाला तेव्हाच ठाऊक होते. तरीही सोळा महिन्यांनी याच सत्तेच्या चौकशी अधिकाऱ्यांसमोर बसून एक सव्वीस वर्षांची बेल्जियन तरुणी 'या मार्गाची प्रमुख मीच आहे' असे सांगत होती, आणि ते शब्दशः खरे असूनही तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. बायका मदत करतात हे जर्मनांना मान्य होते. सगळा कारभार बाईच्या हातात असू शकतो, हे त्यांच्या मनात येत नव्हते. प्रस्तुत अभ्यास या फरकाभोवती फिरतो, कारण अडकलेल्या दोस्त सैनिकांना आणि विमानकर्मींना बेल्जियममधून स्पेनला निसटवणारा 'कॉमेट' हा गुप्त मार्ग बऱ्याच अंशी त्याच्याच आडोशाने उभा राहिला.

पार्श्वभूमी

या तरुणीचे नाव आंद्रे द याँग. तिचा जन्म नोव्हेंबर १९१६ मध्ये ब्रसेल्सच्या स्कारबेक या भागात झाला. तिचे वडील फ्रेदेरिक प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. तिच्या जन्माच्या साधारण वर्षभर आधी, ऑक्टोबर १९१५ मध्ये, त्याच स्कारबेकमधील नेमबाजीच्या मैदानावर ईडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला जर्मनांनी गोळ्या घातल्या होत्या. दोस्त सैनिकांना बेल्जियममधून निसटण्यास मदत केल्याचा आरोप तिच्यावर होता. ही कथा द याँग यांच्या घरात मुलींना लहानपणापासून ठाऊक होती. आंद्रेने पुढे व्यावसायिक चित्रकलेचे काम पत्करले आणि त्याचबरोबर प्रथमोपचाराचे शिक्षणही घेतले. मे १९४० मध्ये बेल्जियमने शरणागती पत्करल्यावर ती जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला लागली, आणि त्यातूनच डंकर्कच्या माघारीत मागे राहिलेल्या, ब्रसेल्समध्ये इथे तिथे लपलेल्या ब्रिटिश सैनिकांशी तिचा संबंध आला.

लपवणे सोपे होते असे नाही, पण लपवून ठेवण्याला शेवट नव्हता. प्रत्येक लपलेला माणूस म्हणजे एक जास्तीचे ताट, आणि शिधा मोजून मिळत असलेल्या शहरात जास्तीचे ताट शेजाऱ्यांच्या नजरेतून फार दिवस सुटत नाही. म्हणून या माणसांना देशाबाहेर काढणे हाच उपाय होता, आणि बाहेरची वाट म्हणजे संपूर्ण फ्रान्स ओलांडून, पिरेनीज पर्वत चढून तटस्थ स्पेनमध्ये आणि तेथून जिब्राल्टरला.

पहिला प्रयत्न १९४१ च्या जुलैमध्ये झाला. आंद्रे आणि तिचा सहकारी आर्नोल्ड देपे यांनी एक गट सीमेपर्यंत नेला, वाटाड्याच्या हाती सोपवला आणि ते परतले. या प्रवासात उत्तर फ्रान्समधील सोम नदी ओलांडायची होती. गटातील अनेकांना पोहता येत नव्हते, तेव्हा आंद्रेने दोरी आणि टायरची ट्यूब यांच्या आधाराने त्यांना एकेक करून पलीकडे नेले. एवढे करूनही सीमेपलीकडे गेलेल्या त्या गटाला स्पॅनिश पोलिसांनी पकडले. त्यातून आंद्रेने काढलेला निष्कर्ष पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला: माणसे सीमेवर सोडून चालणार नाही, ती थेट ब्रिटिशांच्या हाती पोचवली पाहिजेत, आणि तीही स्वतः.

ऑगस्टमध्ये ती एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन तरुण यांच्यासह बिल्बाओच्या ब्रिटिश वाणिज्य दूतावासात जाऊन उभी राहिली. त्याच वेळी दुसऱ्या गटाबरोबर निघालेला देपे वाटेतच पकडला गेला होता. ही लहानखुरी, चोवीस वर्षांची मुलगी ब्रसेल्सहून पर्वत ओलांडून आली आहे यावर दूतावासातील अधिकाऱ्यांचा आधी विश्वास बसेना. लंडनमध्ये तर ती जर्मनांनी पेरलेली हस्तक असावी अशीही शंका घेतली गेली. म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवण्याची सुरुवात शत्रूने केली नाही, मित्रांनी केली, ही नोंद इथे करून ठेवणे मला आवश्यक वाटते.

तिचे मागणे मोजके होते. माणसामागे प्रवासाचा आणि वाटाड्यांचा खर्च मिळावा, आणि मार्ग बेल्जियन लोकांच्याच ताब्यात राहावा. शत्रूप्रदेशातून निसटणाऱ्या सैनिकांना मदत करणाऱ्या ब्रिटिशांच्या 'एमआय ९' या गुप्त खात्याचेही एक मागणे होते: साध्या सैनिकांपेक्षा विमानकर्मी पाठवा. प्रशिक्षित वैमानिक घडवायला वेळ आणि पैसा अमाप लागतो, आणि असा माणूस परत आला तर तो पुन्हा विमान घेऊन उडू शकतो, हा त्यामागचा हिशेब होता. माद्रिदच्या दूतावासातील मायकल क्रेसवेल हा अधिकारी 'मंडे' या टोपणनावाने संपर्काला नेमला गेला. आंद्रेला सगळे 'देदे' म्हणत, म्हणून मार्गालाही सुरुवातीला तिचेच नाव होते; 'कॉमेट', म्हणजे धूमकेतू, हे नाव पुढे रूढ झाले.

रचना: घर, आगगाडी, डोंगर

या मार्गाविषयी लिहिताना सगळ्यांची लेखणी डोंगराकडे धावते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु प्रवासातील डोंगराची रात्र एकच असे; त्यामागे घरांतले दिवस आणि आठवडे असत. एखादे विमान पडले की त्यातला माणूस कुठल्या तरी शेतकऱ्याच्या दारात येई, तेथून हातोहात ब्रसेल्सला पोचे आणि मग खरे काम सुरू होई. त्याला खायला घालायचे, तेही त्याच्या नावाचे रेशन कार्ड नसताना. त्याचा गणवेश नाहीसा करायचा, त्याच्या मापाचे साधे कपडे शोधायचे; उंचापुऱ्या अमेरिकन माणसाच्या पायाचे बूट युद्धकाळच्या ब्रसेल्समध्ये मिळवणे हेच एक संकट होते. खोट्या ओळखपत्रासाठी छायाचित्र काढायचे, शिक्का मिळवायचा, त्याला त्याचे नवे नाव घोकून घ्यायला लावायचे. आणि मग त्याची चाल बदलायची: खिशात हात घालून रस्त्याने जायचे नाही, च्युइंगम चघळायचे नाही, जेवताना काटा या हातातून त्या हातात घ्यायचा नाही, कोणी काही विचारले तर मुक्याबहिऱ्यासारखे राहायचे. हे शिकवणाऱ्या बहुतेक घरच्या बाया होत्या, आणि मुलांना वळण लावताना जे लक्ष लागते तेच लक्ष इथे लागत होते.

पुढचा टप्पा आगगाडीचा. ब्रसेल्सहून पॅरिस आणि पॅरिसहून स्पेनच्या सीमेजवळचे बायोन. सोबत जाणाऱ्या बहुधा तरुण मुली असत, कारण कामाच्या वयाचा तरुण पुरुष दिवसाढवळ्या गाडीत दिसला की त्याचे कागद अधिक बारकाईने तपासले जात. मिशलिन द्यूमों ऊर्फ 'मिशू' विशीत होती, पण इतकी लहान दिसे की शाळकरी मुलगी म्हणून सहज खपून जाई. तिची धाकटी बहीण आंद्रे द्यूमों ऊर्फ 'नादीन' हिनेही किती तरी माणसे पॅरिसला नेऊन पोचवली. ऑगस्ट १९४२ मध्ये ती पकडली गेली. जर्मन पोलिसांच्या डोळ्यांसमोर या मुली दोन-दोन, तीन-तीन परदेशी माणसांना डब्यात बसवून, त्यांच्याशी एक शब्दही न बोलता शेकडो मैल जात. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते, आणि त्यांना नेमके तेच हवे होते.

दक्षिणेकडचा सगळा भार आंग्ले येथील एल्व्हिर द ग्रीफ यांच्यावर होता. १९४० मध्ये नवरा आणि दोन मुलांसह बेल्जियममधून निघालेले हे कुटुंब बायोनजवळ स्थिरावले होते. एल्व्हिर यांना सगळे 'तांत गो', म्हणजे गो मावशी, म्हणत. गोगो हे त्यांच्या कुत्र्याचे नाव. नवरा जर्मन लष्करी कचेरीत दुभाषा होता, त्यामुळे कोरे कागद आणि शिक्के घरात येत. मुलगी जानिन वाटाड्याचे काम करी. आणि स्वतः एल्व्हिर काळ्या बाजाराचा मोठा व्यवहार सांभाळत. त्यातून पाहुण्यांना अन्न मिळे, शिवाय एक कवचही मिळे: या व्यवहारात जर्मन अधिकाऱ्यांचे हातही गुंतलेले होते, आणि कोण काय घेते ते बाईंना पाठ होते. एकदा त्यांना अटक झाली तेव्हा त्या माहितीच्या बळावरच त्या सुटल्या. युद्ध संपेपर्यंत हे कुटुंब टिकून राहिले. या सगळ्या प्रकरणात संघटक म्हणून मला सर्वांत कुशल कोण वाटते असे विचाराल, तर मी एल्व्हिर यांचे नाव घेईन.

शेवटचे घर उरून्य गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. 'बिदेगाइन बेरी' हे बास्क, म्हणजे या सीमाभागातल्या लोकांच्या धाटणीचे, शेतघर फ्रांचिया उसांदिसागा या विधवेचे होते. पदरी तीन लहान मुले. इथे माणसे अंधार पडेपर्यंत विसावत, बूट उतरवून दोरीच्या तळव्यांच्या बास्क चपला बांधत आणि फ्लोरेंतिनो गोइकोएचेआ या वाटाड्याची वाट पाहत. फ्लोरेंतिनो मूळचा चोरट्या मालाची ने-आण करणारा. धिप्पाड, फ्रेंच जेमतेम येणारा, पण काळोखात पायवाट पायाने ओळखणारा. रात्रभर चढण, मग उतरण, आणि खाली बिदासोआ नदी. नदीकाठी पुरुष आपल्या विजारी काढून गळ्याभोवती बांधत आणि एकमेकांना धरून कंबरभर थंडगार पाण्यात उतरत. पलीकडे लगेच रेल्वेचे रूळ, लगेच रस्ता, आणि रस्त्यावर स्पॅनिश पहारेकरी. ते चुकवून पुन्हा चढण. आंद्रे पाठीला ओझे घेऊन प्रत्येक वेळी या वाटेने जात होती, आणि माणसे पोचवली की पुढच्या खेपेचे पैसे घेऊन त्याच वाटेने परत येत होती. १९४१ च्या ऑगस्टपासून दीड वर्षात तिने ११८ माणसे पार केली, त्यांतील बहुसंख्य विमानकर्मी होते. हे करताना तिने शस्त्र बाळगले नाही. 'शस्त्राचा प्रहार न करता लढा' अशा अर्थाचे लॅटिन वचन कॉमेटने पुढे आपले ब्रीद म्हणून मिरवले.

ब्रसेल्समधील फूट

घरांवर उभा असलेला मार्ग घरांतूनच फुटू शकतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रसेल्सच्या मारेशाल कुटुंबाकडे दोन 'अमेरिकन' विमानकर्मी आणले गेले. गृहिणी एल्सी स्वतः जन्माने इंग्रज; पाहुण्यांचे बोलणे आणि वागणे त्यांना खटकले. त्यांची मुलगी, तिचेही नाव एल्सीच, ही शंका वरच्या लोकांच्या कानावर घालण्यासाठी बाहेर पडली. दरम्यान पाहुणे जरा फिरून येतो म्हणून गेले आणि परतले ते जर्मन गुप्त पोलिसांना घेऊन. आई, वडील, मुलगी सगळेच अडकले, आणि त्यांच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांना एकेक करून त्याच घरात पकडले गेले. पुढच्या काही दिवसांत सुमारे शंभर जणांना अटक झाली. मुलीच्या वडिलांना, जॉर्ज मारेशाल यांना, ऑक्टोबर १९४३ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. मायलेकी छावण्यांतून जिवंत परतल्या.

या घटनेकडे निष्काळजीपणा म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. गुप्त संघटनेचा नियम असा की एका कडीला दुसऱ्या कडीपलीकडचे काही ठाऊक नसावे. हा नियम कार्यालयाला लागू करता येतो; पण जिथे आई स्वयंपाक करते, मुलगी निरोप नेते आणि वडील जेवणाच्या टेबलाशी बसलेले असतात, तिथे कोणी कोणापासून काय लपवावे? घरपणामुळे शंका येत नव्हती, आणि फितूर आत आला की त्याच घरपणामुळे सगळे कुटुंब एका झटक्यात हाती लागत होते. हे दोन्ही एकत्र स्वीकारूनच या लोकांनी दार उघडले होते.

उरून्य, १५ जानेवारी १९४३

ब्रसेल्समधील धरपकडीनंतर आंद्रेचे वडीलही धोक्यात होते. ते आधीच पॅरिसला येऊन तिथले काम पाहत होते, आणि जानेवारीच्या खेपेत त्यांनाही स्पेनला न्यायचे ठरले होते. ते दक्षिणेपर्यंत आलेही. पण पावसाने थैमान घातले होते, वाट त्या वयात त्यांना झेपणार नाही असे ठरले, आणि ते मागे राहिले.

आंद्रे तीन ब्रिटिश विमानकर्मींसह बिदेगाइन बेरीला पोचली. नदी फुगली होती. पाण्यात उतरून पार होणे शक्य नव्हते आणि लांबच्या पुलाची वाट त्या रात्री धरण्यात अर्थ नव्हता. फ्लोरेंतिनो घरी परत गेला, बाकीचे शेतघरातच थांबले. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी घराला वेढा घातला. आंद्रे, फ्रांचिया आणि तिन्ही विमानकर्मी हाती लागले. शेतावर पूर्वी काम केलेल्या एका गड्याने खबर दिल्याचा संशय होता.

एका छपराखाली पकडलेल्या या माणसांची पुढची वाट सारखी नव्हती, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील सर्वांत जड जाणारा भाग हाच आहे. पकडलेला विमानकर्मी, साध्या कपड्यांत असला तरी, ओळख पटल्यावर बहुतेक वेळा युद्धकैद्यांच्या छावणीत जाई. त्याच्यामागे एक सरकार, एक हुद्दा आणि जिनिव्हा करार उभा असे. त्याला भाकरी देणाऱ्या बाईच्या मागे काहीच नसे. फ्रांचियाला रावेन्सब्रुकच्या स्त्रियांच्या छळछावणीत पाठवण्यात आले, आणि १९४५ मध्ये, सुटका काही आठवड्यांवर आली असताना, ती तिथेच मरण पावली.

चौकशी

आंद्रेला बायोनच्या तुरुंगात ठेवले होते. सहकाऱ्यांनी तिला सोडवण्याचे बेत केले, ते फसले. तिची वीसेक वेळा चौकशी झाली. सुरुवातीला तिने काही सांगितले नाही. पण जर्मनांचा रोख वडिलांकडे वळतो आहे असे दिसताच तिने कबुली दिली, की मार्ग मी सुरू केला, प्रमुख मीच आहे. अधिकाऱ्यांना ते एका लेकीचे आपल्या बापाला वाचवण्यासाठीचे खोटे बोलणे वाटले. खरे बोलून तिने वडिलांवरचा संशय काढायचा प्रयत्न केला; तो सफल झाला नाही, पण त्या अविश्वासामुळे बहुधा तिचा स्वतःचा जीव मात्र वाचला. मार्गाची सूत्रधार म्हणून तिला गोळी घातली गेली नाही. साधी मदतनीस समजून तिला छावणीत धाडले, आधी रावेन्सब्रुक आणि मग माउटहाउझेन. पुढे गेस्टापोला चूक उमगली आणि तिचा शोध सुरू झाला, तोवर ती छावणीच्या हजारो कृश, मुंडलेल्या, अनोळखी चेहऱ्यांत मिसळून गेली होती.

वडिलांना जून १९४३ मध्ये पॅरिसच्या स्थानकावर झाक देसूब्री या फितुराने पकडवून दिले. २८ मार्च १९४४ रोजी पॅरिसजवळच्या माँ व्हालेरियाँच्या किल्ल्यावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्यानंतर

मार्ग थांबला नाही. आंद्रेच्या हाताखाली तयार झालेल्या झाँ-फ्रांस्वा नोतोम्बने डोंगराचे काम उचलले. १९४४ च्या जानेवारीत तोही अडकला. १९४३ च्या नाताळच्या सुमारास फुगलेल्या बिदासोआने एक बेल्जियन प्रमुख आणि एक अमेरिकन विमानकर्मी असे दोघांचे बळी घेतले. आणि देसूब्री नाव बदलून पुन्हा मार्गात शिरला होता. त्याला उघडे पाडले ते मिशूने. तिची एक सहकारी पॅरिसजवळच्या फ्रेन तुरुंगात होती. मिशू तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभी राहिली आणि तिने मैत्रिणीला मोठ्याने हाक मारून विचारले, तुला कोणी दगा दिला? वरच्या खिडकीतून नाव ऐकू आले. ज्या मुलीने दोन वर्षे कोणाच्या नजरेत न भरण्यात काढली, तिने इथे भर रस्त्यात ओरडून प्रश्न विचारला. मग ती दक्षिणेकडे निघाली, इतरांना सावध केले आणि स्पेनमध्ये पार झाली. देसूब्रीला युद्धानंतर, १९४९ मध्ये, मृत्युदंड झाला.

पिरेनीजमार्गे कॉमेटने पावणेतीनशेहून अधिक विमानकर्मी बाहेर काढले. शेकडो माणसांना फ्रान्स आणि बेल्जियममध्ये आसरा दिला. या मार्गासाठी शंभराहून अधिक जणांनी प्राण गमावले. काम करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, आणि ही गोष्ट लक्षात घेतली की 'मदतनीस' हा शब्द किती तोकडा आहे ते कळते. ज्या मार्गाचे अन्न, कपडे, कागदपत्रे, निरोप, सोबत, पैसा आणि नेतृत्व स्त्रियांकडे होते, तिथे मदत नेमकी कोण कोणाला करत होते? चौकशी अधिकाऱ्यांनी हा शब्द वापरला तेव्हा त्यांची फसगत झाली. आपण तो वापरतो तेव्हा फसगत आपली होते.

आंद्रे एप्रिल १९४५ मध्ये माउटहाउझेनमधून सुटली. ब्रिटनने तिला जॉर्ज पदक दिले, १९८५ मध्ये बेल्जियमने काउंटेस केले. मधली अनेक वर्षे तिने कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेत घालवली: बेल्जियन काँगो, कॅमेरून, इथिओपिया, सेनेगल. २००७ मध्ये ब्रसेल्समध्ये तिचे निधन झाले, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. दर सप्टेंबरमध्ये त्या काळच्या माणसांची मुले, नातवंडे आणि इतर लोक जमतात आणि कॉमेटच्या जुन्या वाटेने डोंगर चढून बिदासोआपर्यंत चालत जातात. फ्रांचियाचे शेतघर त्याच वाटेवर आहे.